तिसरं प्रूफ

चारुशीलेची पुस्तकं बायका पर्समध्ये घालून आणतात.
मधल्या पानांत बसचं तिकीट, गोळ्यांची चिठ्ठी,
एकीने तर मेथीची काडी ठेवली होती खूण म्हणून.
नौपाड्यातल्या कार्यक्रमात सही घेताना
त्या आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे,
मग हळूच माझ्या पायांकडे.

कारण दुसऱ्या कादंबरीतला नवरा
मोजे काढून बुटातच कोंबतो.
मीही कोंबतो. काय करणार.

पन्नाशी ओलांडलेली माणसं, हा तिचा विषय.
मुलं गेल्यावर मोठी झालेली घरं,
आजारी सासऱ्याच्या उशाशी बसून
नवऱ्याला पहिल्यांदा ‘अहो’शिवाय हाक मारणारी सून.
कळव्याहून एका बाईंचा फोन येतो रात्री दहाला,
‘आमच्याच घरातलं लिहिलंत हो.’
चारू तासभर ऐकते.
हुंकाराचे केवढे प्रकार आहेत तिच्याकडे!
आमच्यात एकच चालतो.

रबाळ्याच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं
मी पिंपांवरच्या लेबलांच्या तारखा तपासल्या.
कंपनीने रक्कम आणि नारळ हातात ठेवल्यापासून
तिची प्रुफं तपासतो.
ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, निसटलेले काने.
ऐरोलीच्या आमच्या सिडकोच्या घरात
टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला ती,
मध्ये लिंबाच्या लोणच्याची बरणी,
दोन्ही देशांनी मान्य केलेल्या चौकीसारखी.
साडेअकराला नेहमीचा वास येतो,
कुठल्याशा कारखान्याने काहीतरी सोडल्याचा.
ती न बोलता उठते, खिडकी लावते.
हेही येईल कुठल्यातरी पुस्तकात.

पान एकशे चौदा.
‘विश्रामने तिला कधीच विचारलं नाही,
की तू इतकी गप्प का असतेस.’
वेलांट्या बरोबर. उकार बरोबर.
पूर्णविराम जागच्या जागी.
दुरुस्त करण्यासारखं काही नाही
आणि पेन्सिल तिथून हलत नाही.

मी विचारलं होतं.
मैत्रेयीला होस्टेलवर सोडून येताना,
खाडीपुलावर, टोल होता तेव्हाची गोष्ट.
पुढे कोबीने भरलेला टेम्पो.
मी म्हटलं, ‘काय गं, काय झालं?’
तेवढ्यात आमचा नंबर आला,
मी खिशात सुट्टे चाचपत राहिलो,
तिने पर्समधून काढून दिले.
नंतर सेक्टरच्या कोपऱ्यावर दुधासाठी थांबलो.
दोन पिशव्या घेऊ का, मी विचारलं.
‘एकच घे,’ ती म्हणाली,
‘आता कोण आहे प्यायला.’

तेच उत्तर होतं बहुधा.
मला ते दुधाबद्दल वाटलं.

आता समासात काय लिहू?
तपासणाऱ्याने मजकुरात हात घालायचा नाही,
हे तिने पहिल्याच पुस्तकाच्या वेळी बजावलंय.
आणि विश्राम म्हणजे मी नव्हे,
हेही. तीनदा.
तरी ‘कधीच’भोवती एक बारीक गोल काढला,
बाजूला लिहिलं, ‘नक्की?’
आणि झोपायला गेलो.
म्हणजे आडवा झालो.

सकाळी गठ्ठा बरणीच्या माझ्या बाजूला होता.
एकशे चौदावर मी काढलेला गोल तसाच.
माझ्या ‘नक्की?’च्या खाली
तिचं उतरतं, घाईचं अक्षर:
‘कधी?’

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.
ती मोजते, मला माहीत आहे,
तिसरीनंतर गॅस बारीक करायचा असतो.
चौथी झाली.
मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं,
टोक मोडलं, पुन्हा काढलं.
पाचवी.